सात तारखेनंतरचा किराणा

बडोद्याच्या मकरपुऱ्यात महिना एक तारखेला सुरू होत नाही, पगार झाला की सुरू होतो. १९३६ च्या वेतन कायद्याने हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांना पगारासाठी सात तारखेपर्यंतची मुदत दिली होती, त्याहून मोठ्यांना दहापर्यंतची. इथल्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत मोठ्या कंपन्यांच्या आजूबाजूला लेथ, प्रेस, फॅब्रिकेशन, पावडर कोटिंग असली कामं करणारे लहान कारखानेच जास्त. त्यामुळे तरसाली, माणेजा, सुसेन सर्कल, जांबुवा या पट्ट्यात महिन्याचा किराणा भरायचा तो साधारण सात ते बारा तारखेच्या दरम्यान. पहिल्या पाळीचा माणूस घरी येऊन चहाला बसतो, दुसऱ्या पाळीचा डबा घेऊन केव्हाच निघून गेलेला असतो, आणि घरातली बाई गेल्या महिन्याची यादी समोर ठेवून तूरडाळीचा भाव तीन ॲपांवर बघत असते.

खंडेराव गायकवाडांनी १८७० मध्ये इथे उन्हाळी राजवाडा बांधला, तेव्हा मकरपुरा शहराबाहेर होता. तो राजवाडा आता हवाई दलाकडे आहे. दांडिया बाजार, रावपुऱ्यातली जुनी मराठी घरं संस्थानच्या नोकरीमुळे आली, मकरपुऱ्याकडची बरीचशी कारखान्यांमुळे, त्यांत खानदेशातली पुष्कळ. वाणसामानाच्या फळीवर हे मिश्रण लगेच दिसतं. सिंगतेलाच्या डब्याशेजारी गोडा मसाला, खाकऱ्याच्या पुड्याशेजारी मेतकूट, आणि कळण्याच्या भाकरीसाठी वेगळं काढून ठेवलेलं ज्वारी-उडदाचं पीठ.

या घरांना पडणारा प्रश्न साधा असतो. ऑनलाइन किराणा स्वस्त पडतो की महाग? उत्तर शोधताना आपण दर ताडून बघतो. डाळ इथे पाच रुपयांनी कमी, साबण तिथे सात रुपयांनी. माझं म्हणणं असं की दरावर एवढं डोकं चालवून फारसं काही हाती लागत नाही. बजेटमधल्या घराचा पैसा वाचतो किंवा जातो तो फेऱ्यांवर. महिन्यात किती वेळा ऑर्डर केली, एवढ्या एका आकड्यावर बाकीचं बरंचसं ठरतं.

आधी एक मोजमाप घेऊ. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी भारतात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला आणि त्यातला ३९.६८ टक्के खाण्यापिण्यावर. म्हणजे माणशी पावणेतीन हजारांच्या जरा वर. त्यात दूध, भाजी, फळं, बाहेरची पाणीपुरी, सगळं आलं. वाण्याच्या दुकानातून येतं त्याचा वाटा याहून बराच कमी. सोयीसाठी आपण चौघांच्या घराचा किराणा महिन्याला ४,००० रुपये धरू.

आता समजा, हे सामान लागेल तसं मागवलं. आज साखर संपली, परवा चहा, रविवारी पाहुणे आले म्हणून बेसन. दर ऑर्डरीला घरपोच देण्याचे आणि हाताळणीचे मिळून ३५ रुपये पडले आणि महिन्यात अशा १२ ऑर्डरी झाल्या, तर ४२० रुपये गेले. ४,००० वर साडेदहा टक्के. डाळीवर वाचवलेले पाच आणि साबणावरचे सात रुपये यात कुठल्या कुठे वाहून जातात. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ॲपवरून होणाऱ्या स्थानिक घरपोच सेवेच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. खुद्द डाळीच्या पाकिटावर पाच टक्के आणि ती आणून देण्यावर अठरा! हेच सामान एका ऑर्डरीत मागवलं तर बहुतेक ठिकाणी ठरावीक रकमेच्या वर घरपोच फुकट मिळतं आणि हाताळणीचे दहा-वीस रुपये एकदाच पडतात.

लहान ऑर्डरीचं दुसरं दुखणं म्हणजे ती कधी लहान राहत नाही. ‘आणखी ६१ रुपयांचं घ्या, डिलिव्हरी मोफत’ अशी पट्टी वर सरकायला लागली की पंचवीस रुपये वाचवायला आपण ६१ रुपयांची बिस्किटं घेतो. बिस्किटं वाया जात नाहीत, मुलं खातात, म्हणून ते नुकसान वाटतही नाही. यादीत मात्र ती नव्हती.

कंपन्यांच्या बाजूने पाहिलं तर हे असं का आहे ते कळतं. दहा मिनिटांत सामान द्यायचं तर ते दोन-तीन किलोमीटरच्या आत कुठेतरी ठेवलेलं असावं लागतं. त्यासाठी गल्लीबोळात गोदामं घेतली जातात. गिऱ्हाइकाला तिथे जाता येत नाही, म्हणून त्यांना डार्क स्टोअर म्हणतात. गोदामाचं भाडं, वीज आणि माणसांचा पगार ऑर्डरी आल्या न आल्या तरी चालूच असतो. तेव्हा गिऱ्हाइकाने महिन्यातून एकदा येऊन चालत नाही, आठवड्यातून तीनदा यायला हवं. म्हणून तर मोबाइलवर दुपारी चार वाजता ‘चहाबरोबर काय?’ अशी सूचना टपकते. मकरपुऱ्याला याचा आणखी एक फटका बसतो. ३९०००१ ते ३९००२० मधल्या कुठल्याही पिनकोडचा माणूस स्वतःला बडोद्याचाच समजतो, पण ॲपला तो कुठल्या गोदामाच्या टप्प्यात येतो एवढंच दिसतं. एकाच रस्त्याच्या या बाजूला मिळणारी वस्तू त्या बाजूला ‘उपलब्ध नाही’ असं होऊ शकतं, आणि ती उद्या येईल का, हे विचारायला गल्ल्यावर कुणी बसलेलं नसतं.

घरबसल्या किराणा ही कल्पना सुरू झाली तेव्हा घाईचा प्रश्नच नव्हता. मे १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या गेट्सहेड गावात जेन स्नोबॉल नावाच्या ७२ वर्षांच्या आजींनी घरातल्या टीव्हीच्या रिमोटवरून टेस्को दुकानाकडे मार्जरीन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी मागवली. मायकेल ऑल्ड्रिच यांनी टीव्ही आणि टेलिफोनची तार जोडून ती व्यवस्था बनवली होती, आणि गावच्या नगरपालिकेने ती वृद्धांसाठी राबवली. ज्यांना दुकानापर्यंत चालवत नाही त्यांच्यासाठी हा खटाटोप होता. आपल्याकडे बंगळुरूत १९९९ मध्ये फॅबमार्ट निघालं, त्याच मंडळींनी २०११ मध्ये बिगबास्केट काढलं. त्यातही उद्याचा किंवा परवाचा वेळ ठरवून सामान येई. २०१३ च्या ग्रोफर्सचं २०२१ च्या डिसेंबरात ब्लिंकिट झालं, त्याच वर्षी मुंबईत झेप्टो सुरू झालं, आणि तेव्हापासून ऑनलाइन किराणा म्हणजे दहा मिनिटं, असं समीकरण बसलं. खरं तर हे दोन निरनिराळे धंदे आहेत. एक यादीवर चालतो, दुसरा आठवणीवर. बजेटच्या माणसाने पहिल्याशी दोस्ती करावी आणि दुसऱ्याला रात्री साडेनऊला तापाच्या पोराला ओआरएस हवं असेल त्या वेळेपुरतं ठेवावं.

यादीवर चालणाऱ्या किराण्याचा सगळ्यांत चोख नमुना मात्र इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आणि अस्सल मराठी आहे. १९७५ मध्ये बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. टंचाईचे, भेसळीचे, वाण्याच्या तागडीवर भरवसा नसण्याचे ते दिवस. पंचायतीने केलं ते एवढंच. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ करायचा. प्रत्येक घराने महिन्याची मागणी आधी लिहून द्यायची. सगळ्या संघांची मागणी एकत्र करून माल मोठ्या प्रमाणात खरेदी करायचा. तो संघातल्या एकाच्या घरी उतरवायचा आणि सभासदांनी आपापला वाटा घेऊन जायचा. दुकान नाही, काउंटर नाही, जाहिरात नाही. मधला नफा गेला, उधारी गेली, आणि आधी लिहून द्यावं लागत असल्यामुळे वेळेवर सुचणारी खरेदीही गेली. हजारो कुटुंबांनी वर्षानुवर्षं असा किराणा भरला. आजच्या ॲपमध्ये असतं ते बहुतेक सगळं या व्यवस्थेत होतं: आगाऊ मागणी, मध्यवर्ती खरेदी, वस्तीपर्यंत वाहतूक. नव्हती ती फक्त दुपारी चारची सूचना.

बडोद्यालाही असं काही परकं वाटण्याचं कारण नाही. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली १८८९ मध्ये इथे अन्योन्य सहकारी मंडळी निघाली. देशातल्या सहकारी पतव्यवस्थेचा इतिहास सांगताना पहिलं नाव बहुधा तिचंच घेतात. ती किराण्याची नव्हे, बचतीची आणि कर्जाची संस्था, आणि आज ती उरलेली नाही. पण चार मध्यमवर्गीय घरांनी पैसे एकत्र केले की बाजार आपल्याशी वेगळ्या भाषेत बोलतो, ही गोष्ट या शहरातल्या मराठी माणसांना सव्वाशे वर्षांपूर्वीच उमगली होती. आज मकरपुऱ्यातल्या सोसायट्यांत शेजारणी मिळून एकच ऑर्डर टाकतात आणि यूपीआयवर आपापले पैसे त्याच रात्री देऊन टाकतात, ती याच घराण्यातली युक्ती. तीन घरांची ऑर्डर एकत्र आली की फुकट घरपोचची मर्यादा सहज ओलांडते, पाच किलोचं डिटर्जंट वाटून घेता येतं, आणि कुणालाच ६१ रुपयांची बिस्किटं घ्यावी लागत नाहीत. वाटणी तिथल्या तिथे आणि हिशेब त्याच दिवशी, एवढं मात्र पाळावं लागतं. शेजारधर्म तेलाच्या पिशवीवरून तुटलेला बघवत नाही.

आता दराकडे वळू. फेऱ्या कमी झाल्या की दर बघण्यात अर्थ येतो, पण तो टक्क्यांत बघायचा नसतो. एमआरपी सर्व करांसह छापण्याची सक्ती आपल्याकडे १९९० मध्ये आली, ती दुकानदाराने वर कर लावून जास्त घेऊ नयेत म्हणून. आज त्याच छापील आकड्याचा उपयोग सवलत फुगवून दाखवायला होतो. डाळ, तांदूळ, सुकामेवा यांच्या पाकिटांवर एमआरपी किती छापायची हे पाकीट भरणाराच ठरवतो. २२० छापून १४० ला विकली की ‘३६ टक्के सूट’, आणि शेजारच्या वाण्याकडे तीच डाळ सुटी १३५ ला सूट-बीट काही न सांगता मिळते. शिवाय १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर ५ टक्के जीएसटी आला. सुट्या मालावर तो नाही. ॲपवर सुटा माल नसतोच.

सगळ्यांत जास्त गोंधळ तेलात आहे, म्हणून ते जरा जवळून बघू. तेल लिटरमध्ये मोजतात आणि किलोतही, आणि दोन्ही सारखं नाही. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. गुजरातेत तेलाचा डबा घेण्याची पद्धत आहे. त्यातही एक डबा १५ किलोचा आणि एक १५ लिटरचा. १५ लिटर म्हणजे साधारण १३.६५ किलो. दिसायला सारख्याच असणाऱ्या या डब्यांत सव्वा किलोहून जास्त तेलाचा फरक पडतो, आणि मोबाइलच्या चित्रात तर दोन्ही डबे अंगठ्याएवढेच. तापमानाचीही गंमत आहे. तेल तापलं की फुगतं. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतं, पण ६० अंशांना ८९२.६ ग्रॅमच. काही उत्पादक पिशवीवर जास्त तापमान छापून लिटर पुरा करत होते. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने तापमानाचा उल्लेख न करता वजन छापायला सांगितलं आणि त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत दिली.

पुढची पायरी आणखी बारीक. पूर्वी तेल, चहा, बिस्किटं अशा वस्तू ठरलेल्या मापांतच विकाव्या लागत. पाकीटबंद मालाच्या नियमांतल्या २०२१ च्या दुरुस्तीने ती सक्ती काढली आणि तिच्या जागी एकक दर, म्हणजे ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतात ते, छापण्याचा नियम आणला. त्यानंतर एक लिटरच्या पिशवीसारख्याच दिसणाऱ्या ८००, ८५०, ८७० ग्रॅमच्या पिशव्या बाजारात आल्या. समजा, ८०० ग्रॅमची पिशवी १३८ ला आहे आणि एक लिटरची, म्हणजे ९१० ग्रॅमची, १५० ला. यादीत पहिली वर दिसते, कारण ती बारा रुपयांनी स्वस्त. किलोचा भाव काढला तर पहिली १७२ रुपये ५० पैसे आणि दुसरी १६४ रुपये ८४ पैसे. स्वस्त दिसलेली पिशवी किलोमागे साडेसात रुपयांनी महाग!

एकक दराच्या नियमाने हे आपोआप उघड व्हायला हवं होतं. पण त्यात दोन खाचा आहेत. किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅमचा छापतात, किलोवरच्यावर किलोचा. त्यामुळे एका पाकिटावर ०.१७ आणि दुसऱ्यावर १६५ असे आकडे येतात, आणि हजाराने गुणायला आपण थांबत नाही. दुसरं, पाकिटावरचा एकक दर एमआरपीवरून काढलेला असतो, ॲपवर ज्या भावाने मिळतं त्यावरून नाही. सूट लागली की तो आकडा निरुपयोगी. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे. यादीतल्या ज्या पाच-सहा वस्तूंवर निम्मा खर्च होतो (तेल, डाळ, तांदूळ, साखर, चहा, धुण्याची पावडर) त्यांचा किलोचा भाव वहीत लिहून ठेवायचा. दोन महिन्यांत तो पाठ होतो, आणि मग ‘मेगा सेव्हर’ची पाटी बघून हसू येतं.

काही गोष्टी मात्र ऑनलाइन मागवायच्याच नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. बडोद्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी वर्षाचे गहू भरणारी घरं अजून आहेत. हाथीखान्याच्या घाऊक बाजारातून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोत्याने घ्यायचे, ऊन द्यायचं, एरंडेल चोळून पिंपात भरायचे आणि लागतील तसे घरघंटीवर दळायचे. या गव्हाची पाच किलोच्या पिठाच्या पिशवीशी तुलनाच होत नाही. तूरडाळही इथे कोरी आणि तेलवाली अशी दोन तऱ्हांची मिळते. तेलवाली टिकते, पण कढत पाण्याने धुवावी लागते. ॲपवर चित्र दोन्हींचं सारखंच पिवळंधमक असतं. मिरच्या आणि धणे मसाल्याच्या हंगामात लागणाऱ्या मांडवांतून समोर वजन करून घ्यावेत. आणि भाजी लारीवरून, म्हणजे हातगाडीवरून. लारीवाला अर्धा किलो वांगी घेतली की वर कोथिंबीर-मिरची टाकतो. ॲपवर त्याच कोथिंबिरीची जुडी स्वतंत्र वस्तू असते आणि तिला स्वतःची एमआरपी असते. रात्री उशिरा लारी घरी परतायच्या बेतात असताना भाव आणखी उतरतो, आणि दुसऱ्या पाळीवरून येणाऱ्याला तो बरोबर ठाऊक असतो.

मराठी घराची खास अडचण वेगळीच. पोहे शोधले की पातळ येतात, जाडे येत नाहीत. गोडा मसाला मिळतो, पण शंभर ग्रॅमचा, पुण्या-मुंबईच्या भावाने आणि वर ‘आयात’ केल्यासारख्या रुबाबात. थालीपिठाची भाजणी मिळालीच तर आपल्या घरच्यासारखी निघत नाही. एकाची जागा दुसऱ्याने भरायची ॲपची सवय इथे फार नडते. ‘तुमची वस्तू नव्हती, मिळतीजुळती दिली’ म्हणून जाड्या पोह्यांऐवजी कुरमुरे आल्यावर रविवारच्या नाश्त्याचं काय करायचं? ऑर्डर करताना ‘बदली वस्तू नको’ हा पर्याय शोधून निवडायचा. तो असतो, पण सहज दिसेल अशा जागी क्वचितच असतो.

एवढी कुरकुर केल्यावर फायद्यांकडे यायला हवं, कारण ते खरे आहेत, आणि मोठा फायदा दराचा नाहीच. पैसे देण्याआधी बेरीज दिसते, हा तो फायदा. वाण्याच्या दुकानात सामान बांधून झाल्यावर आकडा कळतो. तेव्हा ‘काजू काढा, साबण दोनच द्या’ म्हणायला जीभ रेटत नाही, मागे चार ओळखीचे उभे असतात. मोबाइलवर वस्तू काढताना कुणाचं तोंड बघावं लागत नाही. ४,६०० ची बेरीज ४,००० वर आणायची आणि मग बटण दाबायचं. ज्या बाईच्या हाती महिन्याचे मोजके पैसे दिले जातात तिच्यासाठी हे फार मोलाचं आहे. ऑर्डर एक रात्र तशीच ठेवली तर सकाळी आणखी दोन वस्तू आपसूक गळतात.

दुसरा फायदा मागच्या ऑर्डरींचा. गेल्या वर्षी याच महिन्यात किती तेल लागलं, साखरेचा भाव काय होता, हे सगळं जागच्या जागी मिळतं. पूर्वी हे काम लाल कापडी बांधणीच्या खातेवहीत व्हायचं आणि ती वही वाण्याकडे असायची, आपल्याकडे नाही. तिसरा फायदा पाठीचा आणि गुडघ्यांचा. लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दहा किलो तांदूळ आणि तेलाचा डबा कुणीतरी वर आणून देणं, तेही मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकलेला असताना, याची किंमत कुठल्याच बिलात दिसत नाही. सामान आणणाऱ्याला थंड पाणी विचारावं, एवढं तर आपल्याकडून होतंच.

तरीही वाण्याशी संबंध पुरते तोडू नयेत, आणि हे मी जिव्हाळ्यापोटी सांगत नाही, हिशेबाने सांगतो. वाण्याची उधारी हे बिनव्याजी कर्ज आहे. कारखान्यात काम कमी झालं, पगार लांबला, तर पंचवीस तारखेनंतर तांदळाची पिशवी तोच देतो. ॲपवर त्या जागी ‘आता घ्या, नंतर पैसे द्या’ असतं. ते चुकलं की विलंबशुल्क लागतं आणि पत खराब होते. बारा महिने कोपऱ्यावरच्या दुकानात पाऊल न टाकणाऱ्याला तेराव्या महिन्यात उधार कोण देणार? सुटा मसाला, गूळ, पोहे, अडीनडीचं दूध एवढं त्याच्याकडून घेत राहिलं तरी ओळख टिकते.

ॲपच्या फसव्या रचनांबद्दल आता कायद्याचा थोडा आधार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ रचनांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. किराण्यात त्यातल्या तीन-चार रोज भेटतात. न विचारता टोपलीत टाकलेली देणगी किंवा टिप. ‘फक्त २ शिल्लक’ची खोटी घाई. शेवटच्या पानापर्यंत लपवून ठेवलेलं शुल्क. आणि ‘नाही, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असलं लाजवणारं बटण. पैसे देण्याच्या पानावर बिलाची पूर्ण फोड उघडून बघितली की यातलं बहुतेक सापडतं. फोड दाखवणारा बाण बारीक असतो, एवढंच.

सामान आल्यावरची पाच मिनिटं मात्र सोडू नयेत. पिशव्या फोडण्याआधी बिलाशी ताडायच्या, फुटलेल्या आणि चुकीच्या वस्तूचा फोटो लेबलासकट काढायचा, आणि मुदत संपण्याची तारीख बघायची. पदार्थ घरी पोचताना त्याच्या टिकण्याच्या मुदतीपैकी किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असं अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२४ च्या नोव्हेंबरात या कंपन्यांना बजावलं आहे. परतावा ॲपच्या पाकिटात घ्यायचा की खात्यात, असं विचारलं तर खात्यात घ्यावा. पाकिटातले पैसे पुन्हा तिथेच खर्च करावे लागतात, म्हणजे आणखी एक फेरी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीला तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याच्या आत ती मिटवावी लागते. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि त्याही पुढे जायची वेळ आलीच, तर पाच लाखांपर्यंतच्या मूल्याच्या व्यवहारात जिल्हा ग्राहक आयोगाकडे दावा लावायला फी पडत नाही.